टीडीएस मीटरला शिसे दिसत नाही, आणि ग्लासातला गाळ पाण्यातला नसतो

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा येतो. टेबलावर दोन ग्लास, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे. धातूच्या कांड्या असलेले एक यंत्र दोन्हींत बुडवतात आणि प्लग लावतात. मिनिटभरात नळाचे पाणी पिवळट, मग गढूळ तपकिरी होते; आरओचे जवळजवळ तसेच राहते. खाली मजकूर असतो: "हे जड धातू तुम्ही रोज पिता. टीडीएस १०० च्या आत असेल तरच पाणी शुद्ध, ५०० च्या वर गेले की विष. आरओ नसेल तर निदान उकळून प्या. शंका असेल तर बाटलीभर पाणी लॅबला द्या; रिपोर्टात बीडीएल आले की निश्चिंत."

शिशाची भीती खोटी नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते अगदी थोड्या प्रमाणातही बाधते. म्हणून तर ते कुठे आहे आणि कुठे नाही हे नीट कळायला हवे, आणि या संदेशातली एकही सूचना ते कळू देत नाही.

"ग्लासात खाली बसलेला गाळ म्हणजे जड धातू"

तो गाळ त्या यंत्राच्या कांड्यांचा आहे. यंत्रात साधारणपणे लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची कांडी असते. वीज सुरू झाली की धन बाजूच्या कांडीतले लोखंड पाण्यात विरघळते, हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्याचे तपकिरी हायड्रॉक्साइड तरंगू लागते. मधेच दिसणारी हिरवट छटा अर्धवट गंजलेल्या लोखंडाची आणि पांढरा फेसाळ थर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा.

हिशेब करून पाहा. पाण्यातून ०.१ अँपिअर प्रवाह १ मिनिट गेला तर फॅरडेच्या नियमानुसार सुमारे १.७ मिलिग्रॅम लोखंड विरघळते. २०० मिलिलिटरच्या ग्लासात हे प्रमाण लिटरमागे जवळपास ९ मिलिग्रॅम होते आणि डोळ्यांना ठळक दिसते. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेच्या दहापट शिसे असलेल्या पाण्याच्या ग्लासातही ते एकूण ०.०२ मिलिग्रॅमच भरेल. सगळे खाली बसवले तरी दिसणार नाही.

मग आरओचे पाणी स्वच्छ का राहते? त्यात क्षार कमी, म्हणून विजेला वाट कमी, म्हणून कांडी कमी विरघळते. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा लावायला सांगा. तेही नळाच्या पाण्यासारखेच तपकिरी होईल. मिठात जड धातू नव्हते. कांड्या ग्राफाइटच्या असत्या तर नळाच्या पाण्यातही असा तपकिरी साका धरला नसता. हा प्रयोग स्वतः मात्र करू नका. अशी अनेक यंत्रे घरातल्या विजेवर थेट चालतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि ओल्या हाताने ग्लास धरणाऱ्याला जोराचा झटका बसू शकतो.

"टीडीएस १०० च्या आत म्हणजे शुद्ध, ५०० च्या वर म्हणजे विष"

टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात एकूण किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळले आहेत तो आकडा. टीडीएस मीटर मात्र ते पदार्थ मोजतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्या आकड्याला ०.५ ते ०.७ मधल्या एका ठरावीक गुणकाने गुणून पडद्यावर दाखवतो. वाहकता मुख्यतः सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट यांची. हे लिटरमागे दहा-वीस ते शेकडो मिलिग्रॅममध्ये असतात. धोकादायक धातू मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजार ते लाख पटींनी कमी.

समजा पाण्याचा टीडीएस ३०० आहे आणि त्यात मर्यादेइतके शिसे आले. खरा आकडा ३००.०१ झाला. मीटर ३०० च दाखवणार. मर्यादेच्या शंभरपट शिसे आले, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, तरी वाहकता जेमतेम दीड मायक्रोसीमेन्सने वाढते आणि पडद्यावरचा आकडा फार तर एकाने सरकतो. पाण्याचे तापमान १ अंशाने बदलले की वाहकता साधारण २ टक्क्यांनी बदलते, म्हणजे इथे ६ ने. मीटरमधली तापमानाची भरपाई थोडी जरी चुकली तरी शिशाचा तो एक आकडा त्यात हरवून जातो.

आर्सेनिकची गोष्ट याहून वाईट आहे. भूजलात ऑक्सिजन कमी असतो तिथे आर्सेनिक बहुधा तीन संयुजेच्या रूपात असते, आणि पिण्याच्या पाण्याच्या सामूला (पीएच) या रूपावर विद्युतभारच नसतो. भार नाही, म्हणून वाहकता नाही, म्हणून मीटरला ते शून्य. भार नसल्यामुळेच आरओचा पडदाही ते पाच संयुजेच्या आर्सेनिकइतके चांगले अडवत नाही. टीडीएस ९५ टक्क्यांनी उतरला म्हणून आर्सेनिकही ९५ टक्क्यांनी उतरले असे मानणे म्हणूनच चूक आहे.

उलट बाजूही पाहा. आपल्याकडे पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या भागात, अनेक विहिरींचे पाणी इतके खारट की मीटर मोठमोठे आकडे दाखवतो. ते क्षार आहेत. पाणी पिण्यास अयोग्य असेलही, पण त्या आकड्यावरून शिसे किंवा कॅडमियम सिद्ध होत नाही. पश्चिम बंगालमध्ये नदिया, मुर्शिदाबाद भागांत मात्र चवीला गोड, दिसायला नितळ पाण्याने लोकांना आर्सेनिकची बाधा झाली. आयएस १०५०० मध्ये ५०० ही टीडीएसची स्वीकारार्ह पातळी आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. ५०१ ला पाणी विषारी होते असे त्यात कुठेही नाही.

शिवाय क्षार काढून टाकलेले मऊ पाणी नळजोडणीला अधिक खाते. टीडीएस ३० चे पाणी रात्रभर पितळी तोटीत उभे राहिले तर पितळेतले शिसे त्यात उतरू शकते, आणि मीटर सकाळीही ३० च म्हणेल.

टीडीएस मीटरचा एक उपयोग खरा आहे: आरओचा पडदा निकामी होतो आहे का ते पाहणे. आत जाणारा आणि बाहेर येणारा टीडीएस दर महिन्याला लिहून ठेवा. गाळण्याचे प्रमाण उतरत चालले की पडदा बदला. त्याला एवढेच काम द्यावे.

"निदान उकळून प्या"

उकळण्याने जंतू मरतात. धातू तिथेच राहतात, आणि वाफ उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात थोडे दाटच होतात.

"बाटलीभर पाणी लॅबला द्या"

पाणी लॅबला द्यायलाच हवे, पण कोणत्याही बाटलीत भरून नव्हे. अनेक चुका यंत्रापर्यंत पोचण्याआधी, नमुना घेतानाच होतात.

बाटली एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीनची, झाकणही बिनरंगाचे, कारण रंगद्रव्यांतही धातू असतात. ती १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून अतिशुद्ध पाण्याने धुतलेली हवी. पाऱ्यासाठी ही बाटली चालत नाही. तिथे काच किंवा फ्लोरोपॉलिमर लागते आणि नमुनाही वेगळा घ्यावा लागतो. नमुना भरल्यावर लिटरमागे दीड ते दोन मिलिलिटर तीव्र, धातूविरहित दर्जाचे नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात. आम्ल नसले तर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते, पाण्यात कमी उरते आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो. हे आम्ल घरी हाताळू नका. बाटली लॅबकडूनच मागा. बिनआम्लाचा नमुना लॅबला पोचला असेल तर तिथे आम्ल घालून किमान १६ तास ठेवून, सामू पुन्हा पाहून मगच मोजायला हवा. चिकटलेले शिसे त्या वेळात परत पाण्यात येते.

कोणते पाणी भरायचे हे त्याहून महत्त्वाचे. नळजोडणीतले शिसे शोधायचे असेल तर किमान ६ तास नळ न उघडता सकाळचे पहिले १ लिटर घ्या. तोटीची जाळी काढू नका, आधी पाणी सोडू नका. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ नंतर नमुने घेताना रहिवाशांना आदल्या रात्री नळ सोडून घ्यायला सांगितले गेले होते. त्याने पाइपात साठलेले शिसे वाहून जाते आणि आकडा खाली येतो. बोअरचे पाणी तपासायचे असेल तर नेमके उलट: पंप ५ ते १० मिनिटे चालवा, म्हणजे पाइपातले शिळे पाणी जाऊन जमिनीखालचे येईल. बाटलीवर कोणत्या प्रकारचा नमुना ते लिहा, नाहीतर रिपोर्ट आल्यावर त्याचा अर्थच लागत नाही.

गाळलेले की न गाळलेले, हेही ठरवायला हवे. विरघळलेले धातू हवे असतील तर आम्ल घालण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. आम्ल घालून मग गाळले तर कणांना चिकटलेले धातू आधीच सुटलेले असतात. आपण पितो ते न गाळलेले पाणी, म्हणून घरासाठी एकूण धातूच मोजून घ्या. पाणी गढूळ असेल तर आम्लात तापवून पचन करणे आवश्यक आहे.

"बीडीएल आले की निश्चिंत"

बीडीएल म्हणजे त्या पद्धतीच्या ओळखसीमेच्या, म्हणजे तिला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणाच्या, खाली. शून्य नव्हे. सीमा किती ते लिहिलेले नसेल तर त्या शब्दाला काहीच किंमत नाही.

ज्वालेच्या एएएसची (अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणाऱ्या यंत्राची) शिशासाठी ओळखसीमा साधारण लिटरमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, आणि खात्रीने आकडा द्यायचा तर त्याच्या तिपटीहून वर जावे लागते. मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅमची. म्हणजे मर्यादेहून जास्त शिसे असलेले पाणीही या यंत्रावर "बीडीएल" ठरू शकते, तेही कुणी लबाडी न करता. शिशासाठी ग्राफाइट भट्टीचे एएएस किंवा आयसीपी-एमएस (अणूंचे आयन करून वस्तुमानावरून मोजणारे यंत्र) हवे, आर्सेनिकसाठी हायड्राइड पद्धत किंवा आयसीपी-एमएस, पाऱ्यासाठी शीत बाष्प पद्धत. रिपोर्टवर पद्धतीचे नाव आणि सीमा पाहा. सीमा मर्यादेच्या एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी असावी.

आयसीपी-एमएस म्हटले की सगळे संपले असेही नाही. आर्सेनिकचे वस्तुमान ७५. यंत्रातल्या आर्गॉन प्लाझ्मात पाण्यातला क्लोरीन आर्गॉनशी जोडला जाऊन बनणाऱ्या आयनाचेही वस्तुमान ७५. कोकणातल्या खाडीकाठच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात त्यामुळे नसलेले आर्सेनिक दिसू शकते. उपाय हेलियम भरलेल्या टक्कर-कक्षाचा: मोठा जोड-आयन हेलियमवर अधिक आदळून ऊर्जा गमावतो आणि मागे अडतो. खारट नमुना दिला असेल तर हा कक्ष वापरला का, हे विचारायला संकोचू नका.

प्रयोगशाळेतलीच हवा, धूळ, हातमोजे, आम्ल यांतूनही धातू नमुन्यात येतात. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होते तेव्हा त्यांच्या नमुन्यात सतत बाहेरचे शिसे शिरे. त्यांना त्यासाठी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारावी लागली आणि १९५६ मध्ये त्यांनी ४५५ कोटी वर्षे हा आकडा मांडला. त्यासाठीच कोरा नमुना असतो: तीच बाटली, तेच आम्ल, फक्त अतिशुद्ध पाणी. कोऱ्यातच ३ मायक्रोग्रॅम शिसे निघत असेल तर तुमच्या पाण्यातल्या ४ ला अर्थ नाही.

रिपोर्टसोबत मागा ते एवढे: कोऱ्या नमुन्याचा आकडा, दुबार मोजणीचा आकडा, आणि मुद्दाम ज्ञात प्रमाणात धातू घालून तो किती परत मिळाला त्याची टक्केवारी. ती ७० ते १३० च्या बाहेर असेल तर त्या पाण्यासाठी ती मोजणी धरू नये, नमुना विरळ करून पुन्हा करावी. आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता प्रयोगशाळेला आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यतेच्या यादीत पिण्याच्या पाण्यातले शिसे, त्याच पद्धतीने, त्या पातळीपर्यंत आहे का ते पाहा. मान्यता चाचणीगणिक असते.