त्रैराशिक आणि लेकीचा तक्ता

शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा जुनाच वाद पेटला. एक बाजू म्हणे, हल्ली पोरांकडून त्रैराशिक, म्हणजे तीन संख्यांवरून चौथी काढायची रीत, कोणी घोटून घेतच नाही. दुसरी म्हणे, घोकंपट्टीनेच आपलं गणित बुडालं, तिकडे बघा कसं समजावून शिकवतात! तिकडे म्हणजे मी राहतो तिथे, नेदरलँड्समध्ये.

म्हणून लेकीची वही उघडली. 12 लिटर इंधनात गाडी 180 किलोमीटर जाते, तर 20 लिटरमध्ये किती? मी सवयीने 180 गुणिले 20 भागिले 12 करून मोकळा झालो. तिने दोन ओळींचा तक्ता आखला. वर 12, खाली 180. दोन्हींना तीनने भागून 4 आणि 60, मग पाचने गुणून 20 आणि 300. आम्हाला एकमान पद्धतीत 'एका लिटरला किती' काढल्याशिवाय पुढे सरकता येत नसे. तिला एकावर यायची गरजच पडली नाही.

हे त्रैराशिकच आहे, फक्त पोट उघडून दाखवलेलं. फलाला (इथे 180) इच्छेने (20) गुणा, प्रमाणाने (12) भागा, असं आर्यभटाने 499 च्या सुमारास सांगितलं. रीत बिनचूक आहे, पण ती का चालते हे तक्त्यात दिसतं. तेवढ्यापुरता मी तक्त्याच्या बाजूचा.

मात्र इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. रोजच्या प्रसंगांतून समजावून शिकवायच्या या 'वास्तववादी' गणितावर इथलेही काही प्राध्यापक तुटून पडले होते. आधी पक्की रीत द्या, हाच त्यांचाही धोशा. शेवटी डच विज्ञान अकादमीच्या समितीने 2009 मध्ये सांगून टाकलं, की जुनी सरस की नवी, हे संशोधनातून ठरत नाही. शिक्षक तयारीचा हवा.

मला खुपतं ते वेगळंच. धड्याचं नावच 'गुणोत्तर आणि प्रमाण' असलं की पोरं डोळे मिटून गुणतात. इथे प्रमाण लागू तरी आहे का, हे विचारायची वेळच येत नाही.

ग्रुपवर एक गणित टाकलं: चार वादक एक धून 6 मिनिटांत वाजवतात, तर आठ वादकांना किती वेळ लागेल? पाचव्या सेकंदाला उत्तर आलं, '3 मिनिटं, व्यस्त प्रमाण.' त्रैराशिकवाल्यांचा म्होरक्या. मी खूश होऊन तेच गणित लेकीपुढे ठेवलं. तिने तक्ता आखला, 4 खाली 6, 8 खाली 12, आणि पेन्सिल ठेवून दिली.