दगडावरची रेघ आणि तिच्यावरचा पत्रा

आपल्या हाताशी एखादे छोटेखानी संस्थान असेल, पदरी लॅटिन जाणणारे दोन-चार विद्वान असतील आणि कीर्तीची घाई असेल, तर संगमरवरी थडग्याचे काम मरणावर मुळीच ढकलू नये. इटलीतल्या रिमिनीचे अधिपती सिगिस्मोंदो पांदोल्फो मालातेस्ता यांचा कित्ता गिरवावा. त्यांनी तेथील सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आपली प्रेयसी इसोत्ता हिची शवपेटिका दोन हत्तींच्या पाठीवर चढवली आणि तिच्यावर १४५० हे साल घातले. बाईंना मरण यायला तेव्हा २४ वर्षे अवकाश होता.

लेखातले शब्द शक्यतो पुरते लिहू नयेत. इसोत्ताच्या लेखात नावाआधी नुसते ‘डी’ हे अक्षर आहे. चर्चचा कोणी अधिकारी चौकशीला आला तर ते ‘दोमिना’, म्हणजे बाईसाहेब. त्याची पाठ फिरली की ‘दिवा’, म्हणजे देवी, जी पदवी रोमन लोक मरणोत्तर देवत्व पावलेल्या सम्राज्ञींना देत. त्यामुळे कोरणाऱ्याची मेहनत वाचते आणि मालकाची मानही.

दगडावरची रेघ पुसली जात नाही, ही भीती व्यर्थ आहे. पुसायची कशाला? तिच्यावर कांस्याचा पत्रा ठोकावा. इसोत्ताच्या शवपेटिकेवर १४५० चा लेख अशाच पत्र्यावर आहे, आणि त्याखाली संगमरवरात जुना लेख शाबूत आहे: ‘रूपाने आणि गुणाने इटलीचे भूषण असलेल्या रिमिनीच्या इसोत्तेस, १४४६’. त्या साली मालातेस्तांची लग्नाची बायको पोलिस्सेना स्फोर्झा हयात होती. एवढा तपशील लेखात मावला नसावा.

संगमरवर विकत घेत बसू नये. मालातेस्तांनी तो रावेन्नाजवळच्या सांत आपोल्लिनारे या प्राचीन चर्चमधून गाडे भरभरून उचलून आणला. सान फ्रान्चेस्कोच्या दर्शनी भिंतीवर, हे काम आपण १४५० साली केले, असे भल्या मोठ्या अक्षरांत कोरून घेतले. वास्तुकार अल्बेर्तीने या चर्चसाठी योजलेला घुमट आजतागायत चढलेला नाही. तो पाहायचा तर मातेओ दे पास्तीने घडवलेल्या पदकावर पाहावा.

मात्र पोपशी वैर धरू नये. पायस दुसरे यांनी १४६२ साली रोममध्ये मालातेस्तांचा हुबेहूब पुतळा करवून जाळला. त्याच्या तोंडातून निघालेल्या लॅटिन लेखात तो स्वतःच सांगत होता, की मी पांदोल्फोचा पुत्र सिगिस्मोंदो मालातेस्ता, विश्वासघातक्यांचा राजा. त्या लेखाचे मात्र दोन अर्थ निघत नव्हते.