कट्ट्यावर पीट पेटलं

सुरुवात शऱ्याने केली. "उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीतला मिथेन वायूचा बॉम्ब फुटणार आणि आपण सगळे जाणार," एवढं बोलून तो मोकळा झाला. शऱ्याच्या कुठल्याही गोष्टीत एक तरी बॉम्ब असतो. आणि दिगू आकड्याशिवाय काही ऐकून घेत नाही. त्यामुळे पुढचं ठरलेलंच होतं.

"किती टन?"

"खूप."

"खूप हे एकक नाही, शऱ्या."

मंजिरी मृदाशास्त्र शिकलेली. एरवी ती यांच्या भांडणात पडत नाही, पण आज विषय तिच्या मातीतलाच निघाला. "उत्तरेकडच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-झाडपाल्याच्या, दलदलींमध्ये सुमारे ४१५ अब्ज टन कार्बन आहे, असा २०२० चा अंदाज. त्यात दीडशे अब्ज इकडे-तिकडे होऊ शकतात. त्यातले १८५ अब्ज टन पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, असलेल्या पीटमध्ये. हवेत आज जेवढा कार्बन आहे तो नऊशे अब्ज टनांच्या घरात जातो."

"बघ!" शऱ्या.

"काय बघ? आहे तो जमिनीत आहे. बाहेर किती येतोय आणि किती वेगाने, ते बोल."

दिगूचा प्रश्न बिनतोड होता. पण अण्णांना त्याआधीचं हवं होतं. अण्णा वयाने मोठे, त्यांना मध्ये थांबवायची सोय नाही. "मंजिरी, हे पीट मुळात साठतं कसं? झाड मेलं की कुजतंच ना?"

"कुजतं अण्णा, पण या दलदलीत पाणी तुंबलेलं असतं. खाली ऑक्सिजन पोचत नाही. शेवाळ वरून वाढत राहतं, खालचं मरतं आणि नीट कुजतच नाही. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर चढतो, कधी त्याहून कमी. हिमयुग सरल्यापासून हे चाललंय, म्हणून काही ठिकाणी दोन-तीन मीटर पीट आहे. म्हणजे पहिलं कुलूप पाण्याचं. कॅनडा, अलास्का, सायबेरियात त्यावर दुसरं कुलूप बर्फाचं."

"आणि आग दोन्ही तोडते!" शऱ्या.

"तिथेच गंमत आहे," मंजिरी म्हणाली. "आग लागायला आधी पाण्याचं कुलूप सैल व्हावं लागतं, म्हणजे वरचा थर वाळावा लागतो. बर्फ वितळला की मात्र जमीन बसते, खड्ड्यात पाणी भरतं आणि पाण्याचं कुलूप पुष्कळदा परत लागतं. दोन्ही संकटं तापमानवाढीतूनच येतात, पण कार्बनशी वागतात वेगवेगळी."

मला हे वाक्य फार आवडलं, म्हणून पुढे सगळं नीट ऐकलं. नाहीतर कट्ट्यावर मी निम्मा वेळ दुसरंच काहीतरी बघत असतो.

दिगूने मोबाइल काढला. "कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २०१४ साली साडेअठ्ठावीस लाख हेक्टर जळालं. नंतर मोजलेला कार्बन सुमारे नऊ कोटी चाळीस लाख टन. भागाकार केला तर चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या पुढे. पीटमध्ये कार्बन साठतो चौरस मीटरला वर्षाला वीस-पंचवीस ग्रॅमने. म्हणजे एका उन्हाळ्यात दीडेकशे वर्षांची कमाई गेली. पण दीडेकशे वर्षांचीच! दहा हजार वर्षांची नाही. बॉम्ब कुठाय?"

"त्या आकड्यात सगळी दलदल नाही, कोरड्यावरचं काळ्या स्प्रूसचं जंगलही आहे," मंजिरीने दुरुस्त केलं. "बाकी तुझं बरोबर आहे. पीटची आग ज्वाळांनी जळत नाही, धुमसते. पुष्कळदा वरचे दहा-पंधरा सेंटिमीटर जातात, खालचं ओलं आणि गोठलेलं राहतं. पण मागच्या आगीतून वाचलेला जुना थर या आगीत जळायला लागला की हिशेब फिरतो. २०१४ च्या त्याच आगींचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. साठ वर्षांहून लहान जंगलांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी हा जुना कार्बन जळालेला सापडला. त्याहून जुन्या जंगलात तो वाचला होता. दोन आगींमधलं अंतर कमी झालं की साठवणारी जमीन सोडणारी होते."

शऱ्याला तेवढ्यात झोंबी आगी आठवल्या. हिवाळाभर बर्फाखाली धुमसून वसंतात परत उठणाऱ्या. २०२४ च्या सुरुवातीला ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात अशा शंभराहून जास्त आगी बर्फाखाली जिवंत होत्या, असं त्याने सांगितलं आणि ते खरंही आहे. दिगूने लगेच पुस्ती जोडली की अलास्का आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २००२ ते २०१८ मधल्या जळालेल्या क्षेत्रात असल्या आगींचा वाटा एक टक्काही नव्हता. शऱ्याचा चेहरा पडला. त्याच हिशेबात एका वर्षी हा वाटा ३८ टक्क्यांवर गेला होता, हे मंजिरीने सांगितल्यावर तो परत खुलला.

पण खरा वाद पुढे झाला. आग वर किती जाळते, यापेक्षा मागे काय ठेवून जाते, हा मंजिरीचा मुद्दा. "पीटचं पठार आजूबाजूच्या दलदलीपेक्षा मीटर-दोन मीटर उंच असतं, कारण त्याच्या पोटात बर्फ आहे. वर स्प्रूसची सावली, त्याखाली वाळलेल्या शेवाळाची गादी. उन्हाळ्याची उष्णता खाली जाऊ नये अशी सगळी व्यवस्था. आग सावली नेते, गादी पातळ करते आणि जमीन काळी करून ठेवते. मग दर उन्हाळ्यात वितळण खोल जातं. पश्चिम कॅनडाच्या अभ्यासात जळालेल्या पठारांवर खचण्याचा वेग जवळपास तीस वर्षं वाढलेला दिसला. गेल्या तीस वर्षांत खचून नव्याने दलदल झालेल्या जमिनीपैकी सुमारे एक चतुर्थांश आगीच्या खात्यावर."

"म्हणजे तीन चतुर्थांश आगीशिवाय," दिगू.

"हो."

"मग सगळे धुराकडे का बघतायत?"

यावर क्षणभर कोणी बोललं नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. धुराचा फोटो निघतो. स्कॉटी क्रीकचं उदाहरण मंजिरीनेच दिलं. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या या खोऱ्यात १९४७ साली अभ्यासलेल्या भागाच्या सत्तर टक्के जमिनीखाली पर्माफ्रॉस्ट होता, २००८ मध्ये ४३ टक्के. बातमी मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. तिथलं संशोधन केंद्र त्याच उन्हाळ्यात स्थानिक डेने लोकांच्या हाती आलं होतं, आणि वणव्याने त्याचा बराचसा भाग खाल्ला. ऑक्टोबरात वणवा, तोही त्या अक्षांशावर.

"ठीक. वितळलं, खचलं, पाणी भरलं," दिगू सोडायला तयार नव्हता. "तूच म्हणालीस, पाण्याचं कुलूप परत लागतं. मग कार्बन वाचला की! शिवाय वर नवीन शेवाळ जोरात वाढत असेल."

"वाढतं. काही खड्ड्यांत नवीन पीट झपाट्याने चढतं. पण खालच्या जुन्या पीटचं काय, यावर एकमत नाही. अलास्कातल्या इनोको भागात खचल्यानंतर साठ्यातला तिसरा हिस्सा गेलेला दिसला, आणि भरून यायला शतकं लागतील असा हिशेब. पश्चिम कॅनडात तितका तोटा सापडत नाही."

"मग एकजण चुकतोय."

"नाही रे. गोठण्याची वेळ वेगळी आहे. काही ठिकाणी पीट तयार होता होताच गोठलं, म्हणजे अर्धं कच्चं. ते वितळलं की जिवाणूंना ताजा माल मिळतो. दुसरीकडे पीट आधी हजारो वर्षं उघड्या दलदलीत पडून होतं, जिवाणूंनी सोपं ते सगळं संपवलं आणि मग ते गोठलं. त्यात आता घेण्यासारखं फार उरलेलं नाही."

माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं हेच होतं. 'पर्माफ्रॉस्टमधला कार्बन' असा एकच ढीग धरून भाकितं करणारे मला आता जरा कमी विश्वासाचे वाटतात, शऱ्या धरून.

शऱ्याचा मिथेन राहिलाच होता. तोही मंजिरीने त्याला दिला, पण मोजून. तुंबलेल्या पाण्यात जिवाणू मिथेन करतात आणि दलदलीतलं गवत पोकळ दांड्यातून तो थेट वर सोडतं. स्वीडनच्या अबिस्कोजवळच्या स्टोर्डालेन दलदलीत कोरडी पठारं ओली झाली, तसा मिथेन वाढलेला मोजला गेलाय. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ऐंशीहून जास्त. "म्हणून नवीन शेवाळाने कार्बन परत घेतला तरी पुढची कित्येक दशकं तापमानाचा हिशेब तोट्यात राहू शकतो. पण हे झिरपणं आहे. स्फोट नाही."

"झिरपणं कोण लिहून ठेवतं?" अण्णा.

इथे दिगूलाच राग आला. कॅनडात २०२३ मध्ये सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं, सुमारे ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. त्या वर्षी चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कुठल्याही देशाने इंधन जाळून एवढा सोडला नाही. पण देशांच्या अधिकृत हिशेबात माणसाच्या व्यवस्थापनाखालची जमीनच धरतात, आणि कॅनडा त्यातलीही नैसर्गिक आगींची बाजू वेगळी काढून ठेवतो. "हवेला वेगळा रकाना कळतो का?" दिगू म्हणाला. शऱ्याने टाळी दिली. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

ते टिकलं नाही. मंजिरीने अलास्काचं सांगितलं. युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात वस्तीपासून लांब लागलेली आग पूर्वी नुसती लक्ष ठेवून जळू देत. २०२३ पासून बर्फाने भरलेल्या सोळा लाख एकर जमिनीवर ती सुरुवातीलाच विझवायचं ठरलं, कारण जमिनीतला कार्बन. आधीच्या एका अभ्यासात अलास्कात आगी दाबून एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवायचा खर्च १३ डॉलरच्या आसपास निघाला होता.

"स्वस्त आहे!" शऱ्या.

"सोळा लाख एकर म्हणजे साडेसहा लाख हेक्टर," दिगू. "दीड कोटीपुढे काय ते? आणि आगीशिवाय खचणारे तीन हिस्से खचतच राहणार."

"शिवाय त्या रानाला आग हवीही असते," अण्णा म्हणाले. "सगळं विझवत बसलात तर सरपण साठतं."

"सगळं विझवा असं कोणी म्हणत नाही, अण्णा. निवडून."

"निवडून कसं? तूच म्हणालीस, कच्चं गोठलेलं पीट जास्त धोक्याचं. मग ती पठारं आधी वाचवायची. यादी कुठाय?"

"यादी करायची तर ठिकठिकाणी गोठलेल्या पीटमधून दंडगोल कापून काढावे लागतात, प्रयोगशाळेत थराथराचं वय काढावं लागतं. ते कधी गोठलं हे उपग्रहाला वरून दिसत नाही."

"किती दंडगोल?" दिगूने विचारलं.

"खूप," मंजिरी म्हणाली.