बॉयकॉट शब्द जिथे जन्मला तिथून बारसूकडे बघताना

मी आयर्लंडच्या पश्चिम टोकाला राहते, मेयो काउंटीत, बेलमुलेट म्हणून छोटं गाव आहे, त्याच्या पुढे फक्त अटलांटिक. काम होम केअरचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, चहा करायचा आणि जरा वेळ त्यांच्याजवळ बसायचं. माहेर राजापूर तालुक्यात, बारसूच्या सड्यापासून, म्हणजे तिथल्या कातळाच्या माळापासून, फार लांब नाही.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात परत तेच सुरू झालं. मुंबईच्या एका चाकरमान्याने टाकलं की ज्यांनी रिफायनरी अडवली त्यांनीच आता पोरांना नोकऱ्या द्याव्यात, त्यावर गावातून उत्तर आलं की दलालांनी बोलू नये, मग दुबईहून एक बोलला, पुण्याहून एक बोलला, आणि दोन तासात चार जण ग्रुप सोडून गेले. त्या चारात माझे काका होते. आमच्या घरचा गणपती पिढ्यानपिढ्या एकच, सगळी भावकी मूळ घरात जमायची, आता दोन वर्षं झाली काकांनी वेगळा आणलाय. कारण हेच, रिफायनरी. जी अजून झालेलीच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी नाणारला यायची होती, वर्षाला ६ कोटी टनाची, तीन सरकारी तेल कंपन्या आणि जोडीला सौदीची आरामको. लोक उठले, मार्च २०१९ मधे तिथली अधिसूचना रद्द झाली. मग जानेवारी २०२२ मधे राज्य सरकारने केंद्राला बारसूची जागा सुचवली, आणि एप्रिल २०२३ मधे मातीच्या तपासणीला मशिनं आली तेव्हा बायका भर उन्हात सड्यावर आडव्या पडल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. ज्या सड्यावर हे चाललं होतं तिथलीच कातळशिल्पं त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली. तेव्हापासून सगळं लोंबकळत पडलंय.

आता मेयो. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, आकाराने सिंधुदुर्गापेक्षा जरासा मोठा. मी पहिल्यांदा बसने आले तेव्हा खिडकीतून गडगे दिसले, दगडावर दगड रचलेले, चुना नाही सिमेंट नाही, अगदी आपल्याकडच्यासारखे, फक्त जांभा नाही, करडा दगड. सड्याच्या जागी इथे बॉग आहे, मैलोन्मैल काळी ओली दलदल, ती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. उत्तर किनाऱ्यावर केइड फील्ड्स म्हणून जागा आहे, तिथे असंच जळण कापताना एका शाळामास्तरांना खाली दगडांच्या ओळी लागल्या, नंतर त्यांच्याच मुलाने पुरातत्त्व शिकून ते खणून मांडलं, पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध निघाले. आणि किनाऱ्यावर गढ्या. ग्रेस ओमॅली ही इथली समुद्रावरची राणी, क्ल्यू बे तिच्या ताब्यात, १५९३ मधे थेट लंडनला जाऊन एलिझाबेथ राणीला भेटून आली. इंग्रज तिला लुटारू म्हणत, आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही तेच म्हणत.

पण ज्या गोष्टीने मला खरं धरून ठेवलं ती म्हणजे रिकामी घरं. १८४१ च्या खानेसुमारीत मेयोची वस्ती ३ लाख ८८ हजार होती. मग बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, लोक मेले, उरलेले बोटीत बसले, आणि ही गळती पुढे सव्वाशे वर्षं थांबलीच नाही, १९७१ ला आकडा १ लाख ९ हजारावर आला. आज १ लाख ३८ हजारच्या आसपास आहे. आपल्याकडे २००१ ते २०११ मधे अख्खा महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे कमी झाले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर बायका, हे काही पुरोगामीपणाचं लक्षण नाही हो, पुरुष मुंबईला आहेत एवढाच त्याचा अर्थ.

अॅकिल बेटाची एक गोष्ट इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने मला सांगितलीय. बेटावरची पोरंपोरी उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची. जून १८९४ मधे अशीच निघालेली एक होडी वेस्टपोर्टजवळ उलटली, ३२ जण बुडाले. रेल्वे तेव्हा नुकतीच अॅकिलपर्यंत टाकली होती, रीतसर सुरू पण नव्हती, तर पहिली गाडी धावली ती ही प्रेतं घेऊन. १९३७ मधे स्कॉटलंडात कर्किन्टिलॉखला झोपायच्या खोपट्याला आग लागून अॅकिलची दहा मुलं जळाली, आणि त्यांची प्रेतं घेऊन आलेली गाडी ही त्या लाईनवरच्या शेवटच्या गाड्यांपैकी, नंतर लाईनच बंद. म्हातारे म्हणतात की एका साधूने कधीकाळी हे सांगून ठेवलं होतं, लोखंडाच्या चाकांची गाडी पहिल्या आणि शेवटच्या फेरीला मढी आणेल. भविष्य खरं-खोटं सोडा, पण गिरणीत गेलेल्या आजोबांच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी, मला ते ऐकताना गिळवत नव्हतं.

आणि बॉयकॉट. हा शब्द मेयोचा आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. १८७९ मधे कॅसलबारला शेतकऱ्यांची लँड लीग उभी राहिली, मायकल डेव्हिट हा तिचा माणूस. तो चार वर्षांचा असताना घरच्यांना जमीनदाराने हाकललं, कुटुंब इंग्लंडात गेलं, अकराव्या वर्षी सूतगिरणीच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला, आणि तो परत येऊन मेयोच्या कुळांना एकत्र बांधत होता. १८८० मधे लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट कुळांना घराबाहेर काढायला लागला तर गावाने त्याला वाळीत टाकलं, कोणी कापणी करेना, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी बाहेरून ५० मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई, पाचेकशे पौंडाचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाले असं सांगतात. डिसेंबर उजाडता उजाडता बॉयकॉट निघून गेला.

आपल्याकडे हेच अलिबागच्या चरीला झालंय. १९३३ पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही, नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मधे त्यांनी खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं, आणि खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. उपास काढले लोकांनी, पण गाव फुटलं नाही. आणि मग ह्याच कोकणात वाळीत टाकणं हा शब्द कशासाठी उरला? भावकीतल्या भांडणासाठी, आंतरजातीय लग्न केलेल्या पोरासाठी, निवडणुकीत दुसऱ्याला मत दिलं म्हणून. इतकं झालं की २०१६ मधे विधिमंडळाला त्याच्याविरुद्ध कायदा करावा लागला. जे हत्यार वरच्या माणसावर चालवायचं ते आपण शेजाऱ्यावर चालवतो.

मेयोलाही हे चुकलं नाही, म्हणून तर लिहितेय. १९९६ मधे किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर समुद्राखाली कॉरिब नावाचा गॅसचा साठा सापडला. गॅस आणायचा आणि बॅलनाबॉयच्या टर्मिनलमधे शुद्ध करायचा असं ठरलं, आणि कच्च्या गॅसची जास्त दाबाची पाइपलाइन रॉसपोर्टमधे काही घरांपासून ७० मीटरवरून जाणार होती. लोक म्हणाले समुद्रातच शुद्ध करा. २००३ मधे परवानगी नाकारली गेली, त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारचा डोंगर पावसात खाली आला, तरी पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. २००५ मधे पाच जणांनी आपल्या जमिनीत पाइप टाकू दिला नाही म्हणून त्यांना ९४ दिवस तुरुंगात ठेवलं. त्यातल्या विली कॉर्डफला २००७ मधे पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. शेवटी लाईन घरांपासून लांब सरकवली, खाडीखालून बोगदा काढला, आणि गॅस सुरू झाला तो २०१५ च्या डिसेंबरात. म्हणजे सापडल्यापासून १९ वर्षं. पहिल्यांदाच लोकांना विचारून मार्ग बदलला असता तर?

नोकऱ्यांचं पण सांगते, कारण ग्रुपवर मुद्दा तोच असतो. बांधकाम चालू असताना हजारावर लोकांना काम होतं, हॉटेलं, खोल्या, टॅक्सी, सगळं जोरात. चालू झाल्यावर टर्मिनलला लागतात ती थोडी माणसं. ह्याचा अर्थ कारखाने नकोत असा नाही. वेस्टपोर्टला १९७७ पासून औषधाचा कारखाना आहे, जगभर जाणारं बोटॉक्स तिथे बनतं, आणि तिथली पोरं गावात राहतात, लग्न करतात, फुटबॉल खेळतात. त्यामुळे गावात राहून पोराला काम हवं म्हणणाऱ्या माझ्या काकांना दलाल म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी हो म्हटलं ते लोभाने नाही, मुलगा नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहतो आणि रोज लोकलला लटकतो म्हणून. आणि माझ्या आईने मशीन अडवली ती पण कोणी पैसे दिले म्हणून नाही. आंबा, काजू, पाणी, खाडीतली मासळी, तिला ह्यातलं काहीही परत मिळणार नाही हे तिला कळतं. जैतापूरच्या वेळी, २०११ मधे, साखरी नाट्यात गोळीबारात एक जण गेला ते तिने जवळून बघितलंय, तिला भीती वाटणारच.

रॉसपोर्टच्या बाजूला मी दोन घरी जायचे, शेजारी-शेजारी. एका घरात आजोबा, त्यांचा मुलगा टर्मिनलच्या बांधकामावर होता. पलीकडे आजी, त्या सकाळी सहाला रस्त्यात खुर्ची टाकून बसायच्या ट्रक अडवायला. दोन घरांच्या मधे एक गडगा. त्याच्या आधी एकमेकांची मेंढरं राखलेली, एकमेकांचं गवत कापलेलं, आणि त्यानंतर पंधरा वर्षं बोलणं बंद. मी एका घरून दुसऱ्या घरी जायचे तर दोघंही विचारायचे, तिचं कसं आहे, त्याचं कसं आहे, पण हळूच, कोणी ऐकत नसताना. मागच्या हिवाळ्यात आजी गेल्या. इथे माणूस गेलं की शव घरीच ठेवतात आणि रात्रभर गाव येऊन जातं. आजोबा मला म्हणाले मला तिकडे घेऊन चल. वॉकर घेऊन चाळीस पावलं चालायला आम्हाला किती वेळ लागला. तिच्याजवळ उभे राहिले, हात हातात घेतला, आणि परत येताना म्हणाले, गॅस संपत आलाय आणि आम्ही अजून भांडतोय.

मी त्या रात्री झोपले नाही. मला गणपतीच दिसत होते, दोन.

ह्याच मेयोत दुसरं उदाहरण आहे आणि ते अॅकिलच्याच त्या बंद पडलेल्या रेल्वेलाईनचं. वेस्टपोर्ट ते अॅकिल त्या जुन्या मार्गावर ४० किलोमीटरच्या वर सायकलचा रस्ता केलाय, २०११ मधे पूर्ण झाला. जमीन कधीच शेतकऱ्यांकडे गेलेली. सक्तीने घेतली नाही, काउंटी कौन्सिलची माणसं दारोदार गेली, चहाला बसली, आणि दीडशेहून जास्त मालकांनी वाट दिली, मालकी त्यांचीच ठेवून. मला माहितीय की सायकलचा रस्ता आणि रिफायनरी ह्याची तुलना होत नाही, रिफायनरीला हजारो एकर लागतात आणि ती एकदा आली की परत जात नाही. पण म्हणूनच तर जास्त बसायला हवं होतं ना दारात? आमच्याकडे अधिकारी आले ते पोलिसांच्या गाड्या घेऊन. ग्रामसभेचे ठराव विरोधात असताना. आणि गावाला माहिती मिळाली ती कोणाकडून, तर सातबारा घेऊन फिरणाऱ्या बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून, ज्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्या होत्या.

म्हणून माझं मत, ह्या पद्धतीने आणलेली रिफायनरी नको. आधी ग्रामसभा, आधी कागद मराठीत, किती कायम नोकऱ्या आणि कोणाला हे लिहून, पाणी कुठून आणि सांडपाणी कुठे हे लिहून, आणि त्यानंतरही गाव नाही म्हणालं तर नाही. आणि गाव हो म्हणालं तर माझी आई कितीही रडली तरी मी हो म्हणेन.

आणि बाहेर राहणाऱ्यांना, मुंबई-पुणे-दुबई आणि इथले पण, एक मनापासून सांगायचंय. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपण सगळ्यांनी मालवणच्या वराड गावाचे फोटो फिरवले, २०१९ ला ते गावी जाऊन आले तेव्हा ऊर भरून आला. गावाचं नाव लावायला आपल्याला आवडतं. मग गावात आग लागलेली असताना लांबून काडी टाकू नका. आपण ग्रुपवर टाकलेला एक शब्द, दलाल म्हणा नाहीतर विकासद्रोही, तो वाचून संध्याकाळी दोन माणसं एकाच विहिरीवर समोरासमोर येतात. आपण येत नाही. मी पण दोन वर्षांपूर्वी काकांबद्दल असंच एक वाक्य टाकलं होतं. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितलीय, फोनवर, ग्रुपवर नाही.

यंदा गणपतीला दहा दिवसांची रजा टाकलीय. आईला सांगितलं की दोन्ही घरच्या आरतीला उभी राहणार, ती म्हणाली बाय, तुला काय करायचं ते कर. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाले, काकीच्या हाताला आता कळ्या पाडायला जमत नाहीत, तू आदल्या रात्रीच ये मोदकांना.