पेंग्विन छापील की चिकटवलेला?

कार्डाच्या खोक्यावर लिनक्सचं बोधचिन्ह, म्हणजे पेंग्विन होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, एवढाच माझा गुन्हा.

4 टीबीच्या दोन डिस्क आणि रेड 1 साठी, म्हणजे एकच माहिती दोन्हींवर जुळी ठेवण्यासाठी घेतलेलं हार्डवेअर कार्ड. मशीन सुरू होताना कार्डाने ऐटीत सांगितलं, 'ॲरे हेल्दी', म्हणजे डिस्कांची जोडी ठणठणीत. लिनक्स उठल्यावर डिस्कांची यादी देणारं एलएसबीएलके मारलं, तर एका जोडीऐवजी दोन सुट्या डिस्क : एसडीए 3.6टी, एसडीबी 3.6टी (लिनक्सच्या मापात 4 टीबी ते एवढेच). वाटण्या झालेल्या भावांसारख्या दोघी शेजारी शेजारी आणि बोलणं बंद. कार्डात हार्डवेअर असं काही नव्हतंच. कष्ट सगळे सीपीयूने करायचे, तेही खास ड्रायव्हर असेल तर. याला फेकरेड म्हणतात. शब्द इंग्रजी, पण मराठीतला अर्थ जास्त बसतो : कार्ड चक्क फेकत होतं.

मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, विंडोज टाकून बघितलंत का?"

"मला लिनक्सवर हवंय."

"हो सर. आधी विंडोज टाका, त्यात आमचं सॉफ्टवेअर टाका, मग चालेल."

"कशावर?"

"विंडोजवर, सर."

लिनक्सचा ड्रायव्हर? तो सीडीत होता, कर्नल (लिनक्सचा गाभा) 2.6.18 साठी. म्हणजे 2007 च्या रेड हॅट 5 या लिनक्स आवृत्तीचा. माझ्याकडे सीडी ड्राइव्ह नाही, हे सांगायचीही लाज वाटली.

"पण खोक्यावर पेंग्विन आहे!"

पलीकडे शांतता. मग अत्यंत गंभीर आवाजात, "सर, पेंग्विन छापील आहे की चिकटवलेला?"

मी नखाने खरवडून पाहिलं. कोपरा उचलला गेला. "चिकटवलेला."

"मग तो आमचा नाही, सर."

1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवर निबंध लिहिला, तेव्हा 'RAID' मधल्या 'आय'चा अर्थ होता 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त. पुढे धंदेवाल्यांनी त्याचं 'इंडिपेंडंट' केलं. बरं केलं. स्वस्त म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती.

आता सगळे सांगतात, आधी कर्नलमध्ये कार्डाचं मॉड्यूल, म्हणजे आतच असलेला ड्रायव्हर आहे का ते बघायचं होतंस : मेगारेड_एसएएस, एएसीरेड, एआरसीएमएसआर. बघितलं असतं, तरी सुख कुठे आहे? असल्या खऱ्या कार्डाची बॅटरी मेली की बहुधा राइट-बॅक (लिखाण आधी कार्डाच्या मेमरीत घेऊन डिस्कवर मागाहून उतरवणं) बंद होतं आणि लिखाण रांगायला लागतं. कार्डच मेलं तर डिस्क त्याच घराण्यातल्या कार्डाशिवाय ओळख देत नाहीत. रेड हॅट 8 ने तर कितीतरी जुनी, धडधाकट कार्डं एका फटक्यात पेन्शनीत काढली. पैसे आपण मोजायचे आणि निवृत्तीचं वय दुसऱ्याने ठरवायचं!

शेवटी कार्ड उपटलं, डिस्क मदरबोर्डला लावल्या आणि एमडीॲडम या लिनक्समधल्या रेडच्या साधनाने दोघींना एकत्र नांदायला बसवलं. फुकट. दोघींची जुळवणी, म्हणजे सिंक, 38 टक्क्यांवर आहे.

कार्ड परत घ्यायला विक्रेता तयार नाही. खोक्यावरचं स्टिकर उचकटलंय म्हणे.