गाणं ऐकवा, गळाला लावू नका

आज न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर पुन्हा तेच. मी भेंडी निवडतोय, तर शेजारचे गृहस्थ गोड हसून म्हणतात, "मराठी का? पुण्याचे?" मीही खुललो. मुलांच्या शाळेवरून गाडी "नोकरीचं काही खरं नाही हो" वर, आणि तिथून "एक छोटासा ऑनलाइन बिझनेस आहे, घरबसल्या". भेंडी तिथेच टाकून निघालो. परदेशात दोन मराठी माणसांनी नुसत्या गप्पा मारायची सोयच राहिली नाही.

साबण-व्हिटॅमिन खपवत माणसाला माणूस जोडणाऱ्या या नेटवर्क मार्केटिंगवाल्यांची आता सवय झालीय. पण या लोकांनी गाणंसुद्धा सोडलं नव्हतं. ऑनलाइन गाणी विकणारी बर्नलाउंज कंपनी आठवतेय का कुणाला? आयट्यून्सवर ९९ सेंटला गाणं मिळायचं, तेव्हाची गोष्ट. स्कीम अशी की वेबवर तुमचं स्वतःचं म्युझिक स्टोअर, त्यात तुमच्या आवडीची गाणी, मित्रांनी तिथून घ्यायची. ऐकायला झकास! पण दुकान मांडायचं तर वर्षाला २९.९५ डॉलर, नाहीतर १२९.९५, नाहीतर थेट ४२९.९५. वर दरमहाची फी वेगळी. आणि खरी मलई गाण्यात नव्हतीच. नवा माणूस आणा, त्याच्या गळ्यात पॅकेज मारा, मग पैसे.

मला राग पैशांचा नाही. माझा एक मित्र होता, नाव घेत नाही. रात्री अकराला फोन करायचा, "काही बोलू नकोस, हे ऐक," आणि रिसीव्हर टेपरेकॉर्डरला लावायचा. खरखरीतून कुठलातरी मारवा, मध्येच त्याची स्वतःची "वाऽऽ". निम्मं गाणं मी त्या फोनवर शिकलो. मग तो अशाच एका साखळीत शिरला (गाण्याच्या नव्हे, दुसऱ्याच). फोन यायचेच, पण "रविवारी काय करतोयस? एकाशी भेट घालून देतो."

बर्नलाउंजवाल्यांनी नेमकं हेच हेरलं होतं. "हे ऐक" म्हणणाऱ्या मित्रावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. त्या विश्वासावर कमिशन लावायचं! चीड येते अक्षरशः. माझ्या मित्राने ऐकवलेल्या मारव्यामागे कमिशनचे पॉइंट असते, तर तो मारवा मला लागला असता का?

हो, गाणी खरी होती, चोरीची नव्हती. सगळंच डायरेक्ट सेलिंग बेकायदा नसतं, हेही मान्य. पुढे चला.

अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने २००७ मध्ये बर्नलाउंजला कोर्टात खेचलं. २०१४ मध्ये अपील कोर्टानेही शिक्कामोर्तब केलं की हा पिरॅमिडच, म्हणजे माल विकून नव्हे, नवी माणसं जोडून पैसे मिळवायची साखळी. २०१५ मध्ये फसलेल्या ५२ हजारांहून जास्त लोकांना परतफेडीचे चेक गेले, एकूण साधारण १९ लाख डॉलर. भागाकार करा: माणशी छत्तीस-सदतीस डॉलर. ९९ सेंटच्या भावाने तेवढीच गाणी! इतक्या वर्षांनी!

आणि "हे अमेरिकेतलं" म्हणून गावाकडच्यांनी हसू नये. आपल्याकडे १९७८ पासून मनी सर्क्युलेशनवर (नवे सभासद आणून पैसे फिरवायच्या योजनांवर) बंदी आहे, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिडवर पुन्हा बंदी घातली, तरी हॉटेलच्या हॉलमधल्या 'सेमिनार'ची निमंत्रणं थांबली नाहीत. स्पीक एशिया या कंपनीचे ऑनलाइन सर्व्हे भरायला अकरा-अकरा हजार मोजणारे आपलेच काका-मामा होते की नाही?

टाइप करता करता राग जरा निवला. तो भाजीतला माणूस वाईट नसेलही, त्यालाही कुणीतरी असंच गाठलं असेल. माझा मित्रही वाईट नव्हता. गॅरेजमध्ये न विकलेल्या खोक्यांखाली त्याच्या कॅसेट दबलेल्या मी पाहिल्यात. त्याला मी कधीच "नाही" म्हटलं नाही, नुसता फोन उचलणं बंद केलं. त्यानेही मग करणं सोडलं.

तर मंडळी, चांगलं गाणं मिळालं की बिनधास्त लिंक पाठवा, अपरात्री पाठवा. रेफरल कोड चिकटवलेली लिंक आली तर ब्लॉक करणार. आणि कमेंटमध्ये "पण आमची कंपनी वेगळी आहे, दादा" लिहिणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, कमेंट उडवणार.