म्हणे, कष्टाळू माणूस कुठेही वर येतो!

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कष्ट करणारा कुठेही राहिला तरी वर येतोच, जागेला दोष देतात ते आळशी. वस्ती गरीब असते ती तिथल्या माणसांमुळे. आता इंटरनेट आल्यावर अंतर उरलंय कुठे? आणि एवढं खटकत असेल तर जावं की दुसरीकडे, कोणी धरून ठेवलंय? वाचायला झकास आहे, म्हणूनच एकेक वाक्य सुटं करून बघायला हवं.

‘कष्ट करणारा कुठेही वर येतो.’ केस कापणारा घ्या. कात्री तीच, हात तोच, दिवसाला डोकीही तेवढीच. गरीब देशातून श्रीमंत देशात गेला की त्याची कमाई कित्येक पटींनी वाढते. विमानात बसून त्याचे कष्ट वाढले का? बरं, देशही बदलायला नको. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली अमेरिकेतल्या करनोंदी तपासल्या. उत्पन्नाच्या सगळ्यात खालच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरात वाढलेलं मूल मोठेपणी सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता सॅन होजेत 12.9 टक्के निघाली, शार्लटमध्ये 4.4 टक्के. शार्लटची पोरं तिप्पट आळशी आहेत असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

‘वस्ती माणसांमुळे गरीब.’ हा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. चांगल्या वस्तीत मुळात धडपडी कुटुंबंच जात असतील, तर यश वस्तीचं की त्यांचं? याचा निकाल लावायचा तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांत खरोखरच सोडत काढली गेली. ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ हे त्या प्रयोगाचं नाव. गरीब वस्त्यांमधल्या सरकारी घरांत राहणारी सुमारे 4,600 कुटुंबं त्यात होती. काहींना घरभाड्याचं व्हाउचर मिळालं, पण अट अशी की घर 10 टक्क्यांहून कमी गरिबी असलेल्या वस्तीतच घ्यायचं. काहींना जागेची अट नसलेलं व्हाउचर, उरलेल्यांना काहीच नाही.

मोठ्यांची कमाई वाढली नाही. प्रयोग वाया गेला असं वाटण्यासारखीच स्थिती होती. मग मुलं कमावती झाली आणि 2015 साली पुन्हा हिशेब मांडला गेला. जी मुलं 13 वर्षांची होण्याआधी अटीच्या व्हाउचरवर चांगल्या वस्तीत आली, त्यांची विशीतली कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा 31 टक्क्यांनी जास्त भरली. तेराच्या पुढच्यांना फायदा दिसला नाही, उलट थोडा तोटाच. म्हणजे वस्ती अंगात मुरायला वर्षं लागतात. आईबाप तेच होते, बदलली फक्त गल्ली.

‘इंटरनेटने अंतर संपवलं.’ लॅपटॉपवर काम करणाऱ्याचं संपलं असेल. नर्स, सुतार, ड्रायव्हर यांना अजून अंगानेच हजर व्हावं लागतं. गंमत म्हणजे 2022 साली चेट्टींच्याच गटाने चक्क फेसबुकवरच्या मैत्र्या मोजल्या, तेव्हा दिसलं की गरीब मुलांची सुखवस्तू घरातल्यांशी ओळख किती, हेही गावागणिक बदलतं. आणि जिथे ती जास्त, तिथे गरीब मुलं जास्त वर येतात.

‘जावं की दुसरीकडे.’ अमेरिकेतल्याच सिएटल शहरात असं घरभाड्याचं व्हाउचर हातात असलेल्या कुटुंबांपैकी 15 टक्केच चांगल्या संधीच्या वस्तीत जात होती. मग काही कुटुंबांना घर शोधायला मदत दिली, घरमालकाशी बोलायला माणूस दिला, डिपॉझिटला हातभार लावला. त्यांच्यात हा आकडा 53 टक्क्यांवर गेला. जुन्या वस्तीची आवड एवढ्याने सुटली म्हणायची?

आणि गेल्यावर फायदा कोणाचा होतो, तेही बघा. आइसलंडजवळच्या हेमाय बेटावर जानेवारी 1973 मध्ये रातोरात ज्वालामुखी फुटला. सगळं बेट रिकामं केलं गेलं, आणि सुमारे एक तृतीयांश घरं लाव्हा-राखेखाली गेली. घर वाचलेले बरेचसे परतले. घर गेलेल्यांपैकी अनेकजण मुख्य भूमीवरच राहिले. घर गेलं म्हणून ज्यांना बेट सुटलं, त्यांच्यातली 25 वर्षांच्या आतली मुलं पुढे जास्त शिकली आणि आयुष्यभर कितीतरी जास्त कमावत राहिली. बेट काही गरीब नव्हतं, मासेमारीवर चांगलं चाललं होतं. पण प्रत्येक पोर मासेमारीसाठी जन्माला येत नाही. त्यांच्या आईबापांना मात्र यातून काही मिळालं नाही, थोडं गेलंच. भुर्दंड आईबापांना आणि फायदा मुलांना, तोही वीसेक वर्षांनी. ‘जावं की’ म्हणणाऱ्याने हा हिशेब धरलेलाच नाही.